पाच खोल्यांच्या गेस्ट हाऊसला रील करून गिऱ्हाईक मिळतं का?

एरंडवण्याची काकू
१४ ऑक्टोबर २०२४

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, आधीच सांगते.

एरंडवण्यात आमचं जुनं घर आहे. खाली आम्ही दोघं, वरच्या मजल्यावर पाच खोल्या. २०१४ साली मी बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतली तेव्हा त्या खोल्यांत नुसत्या गाद्या आणि पिंपं होती. मग चुलत नणंदेच्या यजमानांचं ऑपरेशन निघालं, ती मंडळी महिनाभर राहिली आणि जाताना शेजारच्या बेडवाल्यांना आमचा पत्ता देऊन गेली. तिथून हे सुरू झालं. पायी दहा-पंधरा मिनिटांवर हॉस्पिटलं भरपूर, त्यामुळे राहणारे बहुतेक पेशंटचे नातेवाईक. जून-जुलैत पोरांना कॉलेजात सोडायला आलेले आईबाप, डिसेंबरात सवाईसाठी येणारी ठरलेली चार माणसं, एनडीएच्या परेडला एखादं कुटुंब. खोली रात्रीला १,४०० रुपये, त्यात सकाळचा चहा-नाश्ता आला. डबा हवा तर वेगळा.

पाच खोल्या म्हणजे महिन्याच्या दीडशे रात्री. करोनाच्या आधी त्यातल्या शंभर सहज भरायच्या. आता साठ-पासष्टवर गाडी अडली आहे. एका बुकिंगच्या पोर्टलवर नाव घातलंय, पण ते १८ टक्के कापून घेतात आणि गिऱ्हाईक रद्द झालं की आम्हालाच चार प्रश्न विचारतात.

भाचा २०१९ मध्ये म्हणाला, मावशी, गूगलवर फुकट वेबसाइट मिळते. करून दिली त्याने. पाच वर्षं छान चालली. यंदा मार्चमध्ये गूगलने ती सोयच बंद केली आणि आमची साइट गेली. आता तोच भाचा म्हणतो की वेबसाइट कोण बघतंय, इन्स्टावर ये.

तर गणपतीत त्याने माझं रील केलं. मी थालीपीठ थापतेय, भोकं पाडतेय, तव्यावर तेल सोडतेय, मागे आमची आरती चालली आहे. बस. खाली गेस्ट हाऊसचं नाव आणि माझा नंबर. १ लाख ४० हजार लोकांनी बघितलं! भाचा नाचत होता. मी बँकेतली असल्यामुळे फोनजवळ वही घेऊन बसले. बारा दिवसांत ६३ फोन आले. त्यातल्या २८ जणांनी थालीपीठ पार्सल मिळेल का विचारलं. अकरा जणांना वाढदिवसाला हॉल हवा होता. सात-आठ पोरापोरींनी अनमॅरिड चालतात का म्हणून विचारलं. एका गृहस्थांनी भाजणीत धने भाजून घालता की कच्चे, यावर वीस मिनिटं घेतली (भाजून. प्रश्नच नाही). खोली घेतली दोघांनी. दोन बुकिंग, पाच रात्री.

आता मागच्या आठवड्यात एका एजन्सीची मुलगी येऊन गेली. महिन्याला बारा रील, पंधरा पोस्ट, १८,००० रुपये, सहा महिन्यांचा करार. मुलगी गोड होती, तिच्याबद्दल तक्रार नाही. तुमच्या घराला व्हाइब आहे म्हणाली, जिन्याला फेअरी लाइट लावू या म्हणाली. मी म्हटलं, अगं, या जिन्यावरून माणसं आयसीयूच्या बाहेर रात्र काढून वर येतात.

हिशोब असा. एका रात्रीला धुलाई, नाश्ता, वीज, मावशींचा पगार धरून साधारण ५०० जातात, ९०० उरतात. १८,००० भरून काढायला दर महिन्याला २० जादा रात्री हव्यात. माझ्याकडे कुटुंब सरासरी तीन रात्री राहतं. म्हणजे फक्त या रीलच्या जिवावर महिन्याला सात नवी कुटुंबं आली, तर मी शून्यावर. नफा त्यापुढे.

हे म्हणतात, देऊन टाक सहा महिने, नाहीतर म्हणशील की प्रयत्न केला नाही. मला मात्र १ लाख ४० हजारांतून दोन हा आकडा खुपतोय. ज्यांची छोटी लॉज, होमस्टे, खानावळ आहे, त्यांनी स्वतःचं काय झालं ते सांगा. "आजकाल सोशल मीडियाशिवाय पर्याय नाही" हे सोडून काहीही चालेल.


शनिपारकर
१४ ऑक्टोबर २०२४

१८,००० वाचवा आणि गेटला पाटी लावा.

माझा मेहुणा दोन वर्षांपूर्वी तुमच्याच भागात खोली शोधत रात्री दहाला हिंडत होता. पत्ता हातात होता. गल्लीत अंधार, बंगल्यांची नावं वेलींखाली. "श्रमसाफल्य" सापडलं तीनदा, तिन्ही निराळी. शेवटी कुत्री मागे लागली म्हणून परत फिरला. ते घर तुमचंच असेल असं माझं म्हणणं नाही. पण असू शकतं.

धने भाजूनच.


ताम्हिणीची वाट
१५ ऑक्टोबर २०२४

काकू, माझं उलटं आहे. मला इन्स्टाने तारलं, आणि बुडवलंही त्यानेच. दोन्ही सांगतो.

मुळशी तालुक्यात ताम्हिणीच्या रस्त्याला आमचं होमस्टे आहे. चार खोल्या, दोन तंबू, आईच्या हातचं जेवण. २०२१ च्या पावसाळ्यात सुरू केलं. पहिलं वर्ष कोरडं गेलं, म्हणजे पाऊस धो धो आणि माणूस नाही. गेल्या वर्षी पुण्याचा एक रीलवाला आला. १२,००० रुपये आणि चौघांचा दोन दिवसांचा मुक्काम फुकट. घरामागचा धबधबा, आईची नाचणीची भाकरी, तंबूवर पडणारा पाऊस, असं सगळं एका मिनिटात बसवलं. माणूस कामाचा होता हे कबूल करतो.

तिसऱ्या दिवसापासून फोन थांबेना. जुलैचे सगळे शनिवार-रविवार आठवड्याभरात भरले. आम्ही खूश. मग ती मंडळी प्रत्यक्ष आली. सहा जणांचं बुकिंग करून अकरा उतरले. गाडीच्या डिकीत स्पीकर. एका शनिवारी रात्री दोनला खालच्या वाडीतले म्हातारे काठी घेऊन वर आले. त्याच रात्री औंधचं एक कुटुंब होतं, दोन लहान मुलं. ते पहाटे पाचला न सांगता निघून गेले, आणि सोमवारी गूगलवर एक स्टार. काय बोलणार, खरंच लिहिलं होतं. ज्यांच्यासाठी हे घर उघडलं ते पळाले आणि ज्यांना ते घर कुठलंही चाललं असतं ते आले.

यंदा तर जूनच्या शेवटी लोणावळ्याला भुशी धरणाजवळ एक कुटुंब वाहून गेलं, त्यानंतर जिल्हाधिकाऱ्यांचे मनाई आदेश निघाले, त्यात ताम्हिणीचा परिसरही आला. आमची बुकिंगं पत्त्यांच्या बंगल्यासारखी कोसळली, कारण सगळी धबधब्याच्या नावाने आलेली. अॅडव्हान्स परत करता करता नाकी नऊ आले.

आता मी स्वतःच फोनवर व्हिडिओ करतो. भात लावणी, मे अखेरचे काजवे, आई चुलीला फुंकर घालताना. आणि प्रत्येक व्हिडिओत पहिल्या पाच सेकंदांत सांगतो की इथे दारू आणि स्पीकर चालत नाही. बघणारे दहा पटींनी कमी झाले. पण येणाऱ्या दहांतले सहा तिथूनच येतात, आणि चपला बाहेर काढून ठेवतात.

एक गोष्ट मात्र कुठल्याच रीलने झाली नाही. सोमवार ते गुरुवार. रील बघून येणारा शनिवारीच येतो. माझा शनिवार तसाही भरत होता हो, खरं दुखणं मंगळवारचं आहे.

तुमच्याकडे येणारा मंगळवार-शनिवार बघून येत नाही. ऑपरेशनची तारीख डॉक्टर देतात. आणि माझ्याकडचा माणूस सोफ्यावर पडून बोट फिरवत असतो, तेव्हा त्याच्या मनात पाऊस दिसतो आणि तो निघतो. हॉस्पिटलजवळची खोली बघून कुणाला सुटीवर यावंसं वाटेल? म्हणून माझं गणित तुम्हाला लागू करू नका, एवढंच.


जाहिरातवाला
१५ ऑक्टोबर २०२४

हा माझाच धंदा आहे, त्यामुळे मीठ घालून वाचा. कोथरूडला छोटं ऑफिस आहे, हॉटेलं आणि डॉक्टर हीच गिऱ्हाइकं.

काकू, तुम्ही आमच्या बऱ्याच गिऱ्हाइकांपेक्षा हुशार आहात, कारण ६३ फोनांची वही ठेवलीत. लोक आम्हाला व्ह्यूज दाखवतात, आम्ही त्यांना व्ह्यूज दाखवतो, आणि दोघं एकमेकांचं अभिनंदन करतो. बारा रीलचं पॅकेज तुमच्यासाठी नाही. आमच्यात हा माल रेडीमेड असतो, कॅफेला शिवलेला शर्ट गेस्ट हाऊसलाही चढवतात.

तुमचा माणूस गूगल मॅपवर आहे. तिथे कुणाला वर दाखवायचं हे गूगल तीन गोष्टींवरून ठरवतं असं ते स्वतःच सांगतात. शोधलेल्या शब्दांशी तुमची माहिती किती जुळते, तुम्ही किती जवळ आहात, आणि तुमचं नाव किती ठिकाणी, किती चांगल्या शब्दांत घेतलं जातं. जवळ तर तुम्ही आहातच. बाकी दोन तुमच्या हातात. फुकटची वेबसाइट बंद झाली, पण मॅपवरचं प्रोफाइल शाबूत असणार. ते तुमच्या ताब्यात आहे का बघा. नसेल तर मागून घ्या. पूर्वी कोड असलेलं पोस्टकार्ड घरी यायचं, आता बहुतेक वेळा व्हिडिओ मागतात. गल्ली, पाटी आणि कुलूप उघडणारे तुम्ही, असं एका दमात चित्रण करावं लागतं. (पाटी! शनिपारकर बरोबर बोलले, पाटी नसेल तर हे सगळं अडतं.)

रिव्ह्यूंबद्दल. हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या मायकल लूका यांचा २०११ चा अभ्यास आहे. अमेरिकेतल्या सिअॅटलमधली रेस्टॉरंट आणि येल्प या साइटवरचे स्टार, असा विषय. एक स्टार वाढला की उत्पन्न ५ ते ९ टक्के वाढतं, असं निघालं. पण मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त आवडते. हा फरक स्वतंत्र, एकट्याच्या हॉटेलांत पडला, मोठ्या साखळ्यांत नाही. साखळीचं नाव लोकांना ठाऊकच असतं. ज्याचं नाव कुणाला माहीत नाही त्याच्यासाठी अनोळखी माणसाचा शब्द कामी येतो. म्हणजे तुमच्यासाठी.

मात्र रिव्ह्यू लिहा आणि शंभर रुपये सूट घ्या, असलं काही करू नका. गूगलच्या नियमात ते बसत नाही, पकडलं तर रिव्ह्यू उडवतात. निघताना तोंडाने सांगायचं, बस. आणि कुणी फॉलोअरवाला "फुकट राहतो, छान लिहितो" म्हणत आला तर ध्यानात ठेवा, पैसे किंवा फुकट मुक्काम घेतला असेल तर तसं स्पष्ट सांगणं त्याच्यावर बंधनकारक आहे. केंद्राच्या ग्राहक खात्याने जानेवारी २०२३ मध्ये तशा सूचना काढल्या आहेत. ताम्हिणीवाल्यांच्या रीलवर तसं लिहिलं होतं का, विचारत नाही.

जाहिरात करायचीच असेल तर "बूस्ट"चं बटण दाबू नका. त्याने बघणारे आणि बदाम देणारे वाढतात. व्हॉट्सॲपवर मेसेज आणणारी जाहिरात वेगळी असते, ती करा, दिवसाला १५० रुपये, दहा दिवस. वर १८ टक्के जीएसटी लागतो. नकाशावर पिन टाकून एक किलोमीटरचा परिघ घेता येतो. हॉस्पिटलांवर टाकून बघा. चालेल की नाही, खात्री देत नाही.


शनिपारकर
१५ ऑक्टोबर २०२४

सिअॅटल म्हणजे शनिपार नव्हे. तिथे स्टार देतात, इथे माणूस "ठीक होतं" म्हणाला की समजायचं पाच स्टार मिळाले.


लातूरहून
१६ ऑक्टोबर २०२४

मी गेस्ट हाऊसवाला नाही. गिऱ्हाईक आहे. म्हणून लिहावं वाटलं.

मागल्या वर्षी वडिलांच्या बायपाससाठी पुण्याला आलो. मी, आई आणि मोठा भाऊ. ट्रॅव्हल्सनं सकाळी उतरलो, दिवस सगळा तपासण्यांत गेला. रात्री साडेअकराला सिस्टर म्हणाल्या की पेशंटजवळ एकच माणूस थांबेल. आई बाकावर बसलेली, पाय सुजलेले. मी जिन्यात उभा राहून मॅपवर मराठीतच "हॉस्पिटल जवळ राहण्याची सोय" असं टाकलं.

पहिल्या दोघांनी फोन उचलला नाही. तिसऱ्यानं उचलला, भाडंही कमी सांगितलं, पण जागा निघाली सहा किलोमीटरवर. चौथा म्हणाला अगोदर पूर्ण पैसे पाठवा, मग पत्ता देतो. तिथं मला भीती वाटली. गावातल्या एकाचे असेच पाच हजार गेलेले. पाचव्या ठिकाणी एका आजोबांनी फोन उचलला आणि म्हणाले, गेटपाशी दिवा लावून उभा राहतो, या. आम्ही तिथं एकोणीस दिवस राहिलो.

त्या रात्री मला काय बघायचं होतं ते सांगतो. चालत किती मिनिटं. जिना किती पायऱ्यांचा, कारण आईचे गुडघे. संडास कमोडचा आहे का. पहाटे पाचला गरम पाणी मिळेल का. पेशंटसाठी मऊ भात किंवा मुगाची खिचडी कुणी करून देईल का. आणि डिस्चार्ज पुढं-मागं झाला तर पैसे कापणार का. यातलं एकही कुणाच्या फोटोत नव्हतं. सगळ्यांनी पलंगावर टॉवेलचे हंस करून ठेवलेले.

काकू, थालीपीठ बघून मी त्या रात्री फोन केला नसता. पण तुम्ही फोन उचलला असता तर आलो असतो.


एरंडवण्याची काकू
१६ ऑक्टोबर २०२४

लातूरकर, तुमचं दोनदा वाचलं. यांनाही मोठ्याने वाचून दाखवलं. वडील आता बरे असतील अशी आशा करते.

कबुली देते. रात्री दहानंतर माझा फोन सायलेंटवर असतो. दहा वर्षांत हे मनातच आलं नाही.

एजन्सीच्या मुलीला "नको" म्हणून कळवलंय. आता मी वही ठेवते आणि काय होतं ते येऊन सांगते. शनिपारकर, पाटी आहे. मधुमालतीच्या मागे आहे.


एरंडवण्याची काकू
९ मार्च २०२५

कबूल केल्याप्रमाणे आले. जरा उशीर झाला, मध्ये मावशी महिनाभर गावाला गेल्या होत्या आणि चादरी माझ्याच गळ्यात पडल्या.

आधी काय केलं ते. मधुमालती छाटली (जीव तुटला), पाटीवर दिवा बसवला, खर्च २,३०० रुपये. मॅपवरचं प्रोफाइल ताब्यात घ्यायला भाच्याला दोन फेऱ्या पडल्या. पहिल्या व्हिडिओत कुलूप उघडताना किल्लीच अडकली, दुसरा मंजूर झाला. फोटो सगळे बदलले. जिना खालून काढला, सतरा पायऱ्या मोजता येतील असा. कठड्याला धरायचा दांडा. कमोड. गिझर. स्वयंपाकघरात झाकण ठेवलेली मुगाच्या खिचडीची छोटी पातेली. माहितीत सरळ मराठीत लिहिलं की डिस्चार्जची तारीख बदलली तर पैसे कापत नाही, अगोदर फक्त ३०० रुपये पाठवा. व्हॉट्सॲपचं धंद्याचं ॲप घेतलं, त्यात पत्ता, नकाशा आणि दर एका बोटात पाठवता येतो. कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात कार्डं ठेवली.

जाहिरातवाल्यांनी सांगितलेली ती जाहिरातही केली. दहा दिवस, १,५०० आणि जीएसटीचे २७०. एकोणीस मेसेज आले. त्यातले सात कॉलेजची पोरं, महिन्याच्या भाड्याने कॉट मिळेल का विचारणारी. चौघांनी नुसता अंगठा पाठवला. बुकिंग एक, दोन रात्रींचं. १,८०० सुटले, १,७७० गेले. तीस रुपये नफा, त्यातून मी कोथिंबीर आणली.

आता वही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, चार महिने, नवीन कुटुंबं ७१. प्रत्येकाला रजिस्टरवर सही करताना विचारलं, आमच्याबद्दल कुठून कळलं? जुन्या गिऱ्हाइकांनी सांगितलं म्हणून २६. गूगल मॅप २४. औषधाचं दुकान, रिक्षावाले, वॉर्डातले मामा मिळून १२. पोर्टल ६. इन्स्टा-फेसबुक ३.

डिसेंबरअखेर हे आकडे बघून मी इथे येऊन छाती पुढे काढून लिहिणारच होते की रील म्हणजे वेळेचा अपव्यय. तेवढ्यात उदगीरच्या एक बाई आल्या. मॅपवरून आलेल्या. सुनेचं बाळंतपण अवघड होतं. पैसे पाठवताना जराही घासाघीस नाही, शंका नाही. मला नवल वाटलं. चहा देताना विचारलं, तर म्हणाल्या, "मॅपवर नाव बघितलं, मग पोराला म्हटलं त्यांचं अजून काही आहे का बघ. तर तुमचं थालीपीठ निघालं. म्हटलं, तव्यावर असा हात चालवणारी बाई पैसे घेऊन पळायची नाही."

मी चमकले. म्हणजे मी विचारत होते तो प्रश्न अर्धाच होता. जानेवारीपासून दुसरा प्रश्न सुरू केला, फोन करायच्या आधी आमचं आणखी काही बघितलंत का? आणि आधीच्या दोन महिन्यांतल्या मॅपवाल्यांनाही मेसेज करून विचारलं (उत्तरं सगळ्यांनी दिली, रिकामटेकडी बाई म्हणाले असतील). २४ पैकी ९ जणांनी पैसे पाठवण्याआधी ते गणपतीतलं रील बघितलं होतं. पत्ता सापडला मॅपवर, पण विश्वास बसला तिथे. लातूरकरांनी लिहिलेली ती पैसे पाठवण्याची भीती, ती खरीच आहे. दोघांनी तर सांगितलं की दुसरीकडचे फोटो इतके गुळगुळीत होते की ते कुठून तरी उचललेले वाटले.

म्हणून इन्स्टा बंद केलेलं नाही. पंधरा दिवसांतून एकदा काहीतरी टाकते. गच्चीवर वाळणाऱ्या चादरी, पाटीवरचा दिवा लागताना, मागच्या आठवड्यात साबुदाण्याचे पापड. बघणारे दोनशे-तीनशे. भाच्याने आशा सोडली आहे. म्हणतो, मावशी, निदान गाणं तरी लाव मागे.

जाहिरातवाल्यांना एक विचारायचंय. ही नऊ कुटुंबं मी कुठल्या खात्यात धरू? मॅपच्या की इन्स्टाच्या? बँकेत अशी रक्कम आम्ही सस्पेन्स अकाउंटला टाकायचो, पण ती कधीतरी मिटवावी लागायची.

फेब्रुवारीत रात्री ८८ भरल्या. शंभरला अजून बारा कमी. त्यातल्या किती दिव्यामुळे आणि किती खिचडीच्या फोटोमुळे, ते वहीला सांगता येत नाही.


जाहिरातवाला
९ मार्च २०२५

सस्पेन्सलाच ठेवा. आमच्याकडे या प्रश्नावर मोठमोठी सॉफ्टवेअरं विकतात आणि तीही शेवटी अंदाजच करतात. तुम्ही निदान चहा देऊन विचारलंत.

ते १,७७० माझ्या सल्ल्याने गेले, त्याबद्दल क्षमस्व. पिन हॉस्पिटलवर टाकायला सांगितली, पण एक किलोमीटरच्या परिघात पेशंटचे नातेवाईक मूठभर आणि एरंडवण्याचे रहिवासी हजारो, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.


ताम्हिणीची वाट
१० मार्च २०२५

काकू, तो दुसरा प्रश्न मी उद्यापासून विचारणार. मंगळवारचं काही सुचलं तर कळवा.


शनिपारकर
१० मार्च २०२५

रात्रीच्या फोनचं काय केलंत, ते लिहिलं नाहीत.


एरंडवण्याची काकू
१० मार्च २०२५

राहिलंच. फोन आता यांच्या उशाशी असतो, मला एकदा झोपमोड झाली की पुन्हा डोळा लागत नाही. परवा पावणेतीनला परभणीचे कुणीतरी होते. हे स्वेटर चढवून गेटपाशी जाऊन उभे राहिले. रिक्षा आली तेव्हा सव्वातीन. म्हातारी आई, मुलगा आणि स्टीलच्या डब्यांची पिशवी. सतरा पायऱ्या आईंना जमेनात, मग खालच्या आमच्या दिवाणखान्यातच गादी घातली. सकाळी नाश्त्याला थालीपीठ केलं होतं. रील त्यांनी बघितलेलं नव्हतं, विचारलं मी.